शनिवारची एक शिफ्ट मागतोय : बेळगावच्या कारखानदारांना खुलं पत्र

उद्यमबाग, मच्छे, होनगा, ऑटोनगर आणि काकती इथल्या कारखानदार मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेचजण मला नावानं नाही, तरी चेहऱ्यानं ओळखतील. तिसऱ्या रेल्वे गेटजवळ सकाळी सव्वासातला चहा घेणारा, शर्टाच्या खिशात सहा इंची पट्टी खोचलेला म्हातारा, तो मी. १९७७ साली हेल्पर म्हणून लागलो, टर्नर झालो, पुढं सीएनसीचं, म्हणजे आकड्यांच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनचं, सेटिंग शिकलो. आता दोन-चार मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवतो. कुठल्या असोसिएशनचा सभासद नाही, मग बोलायचं कुठं? म्हणून हे पत्र.

मध्यंतरी आपल्या भागातल्या एका बैठकीत मागच्या रांगेत बसलो होतो. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर झालं, तेव्हापासून चहाच्या टपरीपासून बँकेपर्यंत ड्रोन आणि डिफेन्सच्या ऑर्डरी हाच विषय. तिथंही तोच निघाला. एक वक्ते म्हणाले, जगात जी काही प्रगती झाली ती लढायांमुळंच. पेनिसिलिन घ्या, जीपीएस घ्या, आपलं सीएनसी घ्या. तेव्हा निर्धास्तपणे डिफेन्सचं काम धरा, समाजाला त्याचा फायदा आपोआप होतो. टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या, सवयीनं. पण घरी चालत येताना तो 'आपोआप' चपलेत शिरलेल्या खड्यासारखा टोचत राहिला.

डिफेन्सच्या कामाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. तुम्हाला त्या ऑर्डरी मिळाव्यात, पोरांना पगार मिळावा, मला आनंदच आहे. हरकत आहे ती त्या एका शब्दाला.

मी ज्या लेथवर हात बसवला ते विलायती होतं, कुठल्याशा लिलावातून फिरत फिरत आमच्या मालकांकडं आलेलं. त्यावर पितळेची छोटी पट्टी होती, 'वॉर फिनिश' अशी. मला वाटायचं, कंपनीचं नाव. आमचे मिस्त्री हसले. म्हणाले, "लढाईच्या वर्षातलं हाय ते. पॉलिश, रंगरंगोटी करायला टाइम नव्हता, म्हणून तसं लिवून दिलंय. खरं बेडवर हात फिरवून बग." बाहेरून ओबडधोबड, खवल्या-खवल्यांचं, पण बेड असा घासलेला की टेलस्टॉक दोन बोटांनी सरकायचा.

त्या लेथनं लढाईत काय कातलं असेल देव जाणे. आमच्याकडं त्यावर गुऱ्हाळाच्या चरकाचे रोल, विहिरीवरच्या पंपांचे बुश आणि शाफ्ट निघायचे. पण त्यासाठी मिस्त्रींना एक खटपट करावी लागली होती. मशीन इंची होतं आणि देशात मेट्रिक मापं आलेली. त्यांनी १२७ दातांचं एक गिअर मिळवलं, ते चेंज गिअरमध्ये, म्हणजे आट्याचं माप बदलणाऱ्या चाकांमध्ये, बसवलं, आणि मग इंची लीडस्क्रूवर मिलिमीटरचे आटे पडायला लागले. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याचं पाचपट १२७, एवढाच त्यातला हिशेब. पण ते एक गिअर नसतं, तर ते लेथ आमच्या दारात भंगार म्हणून पडून राहिलं असतं. माझ्या सगळ्या पत्राचा मुद्दा त्या गिअरमध्ये आहे.

आता पेनिसिलिनचं. वक्त्यांनी त्याचं नाव पहिलं घेतलं. वडील १९४४ साली इटलीत होते. मांडीत लोखंडाचा तुकडा घुसला, जखम चिघळली. "दर तीन तासांनी सुई मारायचे, झोपेतनं उठवून, पिवळं औषध," एवढंच ते सांगत. बचावले. त्याच साली गावात त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, बाळंतपणानंतरच्या तापानं गेली. अशा तापावरही पुढं हेच औषध चालू लागलं. गावात तेव्हा त्याचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. वडिलांनी हे दोन प्रसंग कधी एका दमात सांगितले नाहीत. ते मी जोडले, बऱ्याच वर्षांनी.

बरं, ते औषध लढाईनं शोधलंही नव्हतं. फ्लेमिंगला ती बुरशी दिसली १९२८ साली, भर शांततेत. त्यानंतर दहा-बारा वर्षं तिच्याकडं कुणी फारसं वळून पाहिलं नाही. १९४० मध्ये ऑक्सफर्डला फ्लोरी आणि चेन यांनी उंदरांवर प्रयोग केला. १९४१ साली एका पोलिसाला ते टोचलं तेव्हा औषध इतकं कमी होतं की त्याच्या लघवीतून ते परत गाळून काढून पुन्हा त्यालाच देत होते. तो सुधारत होता. औषध संपलं आणि तो गेला. पुढं अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी शेती प्रयोगशाळेत असं ध्यानात आलं की मक्यापासून स्टार्च काढताना जे पाणी उरतं, त्यावर ही बुरशी जोमानं वाढते. मक्याचं पाणी, कारखान्याचं सांडपाणी म्हणा ना! लढाईनं काय केलं, तर तिजोरी उघडली आणि सगळ्यांना घाई लावली. ती मोठीच गोष्ट, मी नाकारत नाही. १९४४ च्या जूनमध्ये नॉर्मंडीत फौजा उतरल्या तेव्हा लाखो डोस तयार होते.

पण आत्याच्या गावापर्यंतचा रस्ता? १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं, आणि १९५५ पासून तिथं पेनिसिलिन निघू लागलं. इटलीतल्या त्या सुईपासून पिंपरीपर्यंत अकरा वर्षं. तीही कुणीतरी ठरवलं, पैसा घातला, माणसं शिकवली म्हणून अकरा. नाहीतर किती लागली असती?

तुमच्या-माझ्या रोजच्या भाकरीचं मशीन घ्या. हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या पात्याचा आकार बरोबर यावा म्हणून अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाच्या कारखानदारानं आकड्यांवरून मशीन चालवायची कल्पना काढली. १९४९ मध्ये हवाई दलानं त्यासाठी पैसा दिला, काम एमआयटीत गेलं, आणि १९५२ साली पहिलं मिलिंग मशीन आकड्यांवर चालवून दाखवलं. त्याचं कंट्रोल मशीनपेक्षा जास्त जागा खायचं. विकत घ्यायला कारखानदार तयार नव्हते. मग सरकारनंच लष्कराच्या पैशातून मशीनं घेऊन कारखान्यांना वापरायला दिली. आपल्या भागात ते यायला पुढं चाळीसेक वर्षं गेली. आमच्या शॉपमध्ये पहिलं सीएनसी आलं १९९४ साली. मालकांनी नारळ फोडला, आणि मला म्हणाले, "हात लावू नकोस, आधी शिक." सतरा वर्षं मशीनला हात लावून पोट भरलेल्या माणसाला!

यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली आणि अजून सलते. त्याच सुमारास, १९४६-४७ कडं, दुसरा एक रस्ताही निघाला होता. कसलेल्या टर्नरनं पहिला जॉब हातानं काढायचा, त्याच्या हाताच्या हालचाली टेपवर भरून घ्यायच्या, आणि पुढचे जॉब मशीननं त्या टेपवरून काढायचे. कारागिराचा हात मशीनच्या आत राहिला असता. पण हवाई दलाला हवे होते हातानं न निघणारे आकार, आणि कंट्रोल हवं होतं ऑफिसात. तो रस्ता मागं पडला. आज आपल्या उद्यमबागेतला पोरगा 'जी झिरो वन' असा मशीनचा हुकूम टाइप करतो, हिरवं बटण दाबतो आणि मोबाईल काढतो. त्याला दोष देत नाही मी. मशीनची घडणच त्या गरजेतून झालेली आहे. त्या घडणीपायी उत्तम हात वाया गेलेले मात्र मी डोळ्यांनी बघितलेत. (आणि हो, सीएनसीच्या अचूकतेला माझा सलाम आहे. हातानं मला कधी पाच मायक्रॉन राखता आले नाहीत, उगाच बढाई कशाला मारू.)

जीपीएसचंही तेच. १९७८ ला अमेरिकेच्या लष्कराचा पहिला उपग्रह, १९८३ ला कोरियन प्रवासी विमान पाडलं गेल्यावर ते सर्वांसाठी खुलं करायची घोषणा, आणि तरी २००० सालच्या मे महिन्यापर्यंत आम जनतेला मुद्दाम धूसर केलेला सिग्नल, चूक शंभर मीटरपर्यंत. चोर्ला घाटात शंभर मीटर म्हणजे रस्ता आणि दरी यातला फरक. एका सरकारनं नळ सोडला म्हणून पाणी आलं. असो.

लढाईतून घरात येणारी वस्तू एकटी येत नाही, हे मात्र आपल्या भागाला चांगलं ठाऊक असायला हवं. डीडीटीचं उदाहरण घेतो, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. १९३९ मध्ये स्वित्झर्लंडच्या म्युलरला त्याचा कीटकनाशक गुण सापडला, लढाईत फौजांना उवा आणि डासांपासून वाचवायला ते वापरलं गेलं, आणि लढाई संपता संपता आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात डॉ. विश्वनाथन यांनी कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर फवारून हिवताप आटोक्यात आणायचं काम सुरू केलं. गावोगावच्या भिंती मोजून, किती पावडर किती पाण्यात हे ठरवून, किती घरांत ताप राहिला याची नोंद ठेवून. हिवतापानं ओस पडणाऱ्या मलनाडातल्या गावांना त्याचं मोल विचारा. मग तीच पावडर शेतात गेली, धान्यात गेली, कुणी मोजेना. भारतात शेतीसाठी तिच्यावर बंदी यायला १९८९ उजाडलं.

दुसऱ्या औषधांची गोष्ट याहून वाईट. १९३६ साली जर्मनीत श्रेडर नावाचा रसायनज्ञ किडे मारायचं औषध शोधत होता, त्याला सापडला टाबुन, म्हणजे माणूस मारणारा वायू. लष्करानं तो उचलला. लढाईनंतर त्याच कुळातलं पॅराथिऑन हे कीटकनाशक शेतात आलं. लष्करात त्या वायूसाठी मुखवटे होते, रबरी हातमोजे होते. ते शेताच्या बांधापर्यंत आले नाहीत. निपाणीकडं माझे मामा तंबाखूवर फवारायचे, तोंडाला पंचा गुंडाळून, अनवाणी. एकदा दुपारी घरी आले ते लाळ गळत, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. चिकोडीच्या डॉक्टरांनी वाचवलं. आजीनं दृष्ट काढली होती, तिला काय माहीत.

हे सगळं तुम्हाला सांगायचं कारण, तुमच्या शॉपमध्येही आता लढाईच्या कामाच्या सवयी शिरतील. काही चांगल्या. हीट नंबर, म्हणजे धातूच्या ओताचा नंबर, लिहून ठेवणं, प्रत्येक जॉबचा रिपोर्ट, सीएमएम या मापं तपासायच्या मशीनवर तपासणी, कॅलिब्रेशन केलेली मायक्रोमीटर. या शिस्तीसाठी मी तुमचं अभिनंदनच करीन. काही मात्र वाईट. ड्रॉइंगवर नाव नाही, नुसता नंबर, त्यामुळं आपण काय बनवतोय हे पोराला माहीत नाही. पार्टीचा फोन आला की गार्ड काढून मशीन पळवायचं. रात्रीच्या शिफ्टला साखळी न तपासता कास्टिंग उचलायचं.

माझा एक जोडीदार असाच गेला. म्हणजे जीवानं नाही, पायानं. कुठल्या कारखान्यात ते सांगत नाही, मालक भला माणूस होता. अर्जंट ऑर्डर होती, चेन ब्लॉकमधून कास्टिंग निसटलं, आणि डावा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.

त्याला पाय मिळाला पुण्याला, आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये. हे केंद्र १९४४ साली निघालं, लढाईत हातपाय गमावलेल्या जवानांसाठी. आता तिथं साध्या माणसांनाही पाय मिळतात. पुण्याला या विद्येची जुनी ओढ दिसते, बघा. टिपूशी झालेल्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान पकडला गेला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्यात एका वीटभट्टीवाल्या जातीच्या कारागिरानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. दोन इंग्रज डॉक्टर बघत उभे होते. १७९४ मध्ये ते लंडनच्या मासिकात छापून आलं, आणि तिथल्या शल्यविशारदांनी ते उचललं. त्या कारागिराला ही कला लढाईनं शिकवली नव्हती, त्याला ती आधीच येत होती. लढाईनं तिला विलायतेला नेलं, एवढंच. कावसजीचं नाव राहिलं. कारागिराचं कुणी लिहून ठेवलं नाही. हे आपल्या धंद्यात चालायचंच.

तर माझ्या जोडीदाराचा गुडघा. चार-पाच वर्षांनी तो कुई-कुई वाजायला लागला, मग खेळायला लागला, म्हणजे जिथं टेकायचा तिथं न टेकता दोन मिलिमीटर इकडं-तिकडं. देवळाच्या पायरीवर दोनदा पडला. पुण्याला जायचं म्हणजे दोन दिवस, सोबतीला मुलगा, त्याचा खाडा. एका रविवारी मी तो पाय पंच्यात गुंडाळून शॉपमध्ये आणला. खोलून बघितलं तर बुश झिजून अंडाकृती झालेला, पिनेवर खोबण पडलेली. गनमेटलचा तुकडा भंगारात होता. पिन एन-एट पोलादाची नवी कातली, बुश बोअर केला, फिट बघितला, तेलाचा थेंब सोडला. मोजून पस्तीस मिनिटं. त्यात दहा मिनिटं व्हर्नियर शोधण्यात गेली.

तो पाय लावून उभा राहिला, वाकला, परत उभा राहिला, आणि म्हणाला, "आवाज गेला की रे."

लोखंडातून काय करायचं हे आपल्याकडं एकदा ठरवून झालेलं आहे. याच बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलीचं दुकान टाकलं, पुढं इथंच लोखंडी नांगर केले, १९१० मध्ये जागा सोडावी लागली म्हणून कुंडलच्या माळावर गेले. पहिल्या महायुद्धात विलायती लोखंड बंद पडलं तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले, असं जुनी माणसं सांगत आली. तोफा गडावर गंजत पडलेल्या होत्याच. महाराजांनी 'द्या' म्हटलं आणि कुणीतरी क्युपोला, म्हणजे लोखंड वितळवायची भट्टी, पेटवला, म्हणून त्यांचा नांगर झाला.

आता मागणं.

तुमच्यातल्या ज्यांच्याकडं डिफेन्सच्या कामासाठी सीएमएम आणि टेस्टिंगची खोली झाली आहे, त्यांनी ती महिन्यातून एक दिवस बाहेरच्यांना खुली ठेवावी. येळ्ळूरचा ट्रॅक्टरची अवजारं करणारा लोहार, वडगावचा मागाचे पार्ट कातणारा, खानापूरचा पंप रिपेअर करणारा, यांनी आपला जॉब आणावा, मोजून घ्यावा. त्यांना कळेल आपला चुकतोय कुठं. तुमची ड्रॉइंगं कुलपात ठेवा, त्याला कोण हात लावतोय! मशीनची वीज तेवढी जाईल.

दुसरं, शनिवारची दुसरी शिफ्ट. प्रत्येकानं नको, आळीपाळीनं एकानं. एक लेथ, एक मिलिंग, एक ऑपरेटर. जिल्ह्यातल्या कृत्रिम पाय वापरणाऱ्यांचे गुडघे, घोटे, बुश, पिना, बोल्ट दुरुस्त करायचे. मटेरियल भंगारातलं नको, टेस्ट सर्टिफिकेटवालं पाहिजे, कारण त्यावर माणूस उभा राहणार आहे. आणि त्या जॉबच्या कागदावर नंबरासोबत नाव लिहायचं : डावा गुडघा, अमक्याचा. मराठीत लिहा, कन्नडमध्ये लिहा, दोन्हीत लिहा. त्यावरून आपल्याकडं भांडण होणार नाही एवढी आशा ठेवतो. शिकाऊ मुलांना त्या शिफ्टला बसवा. फिट म्हणजे काय हे त्यांना तिथं कळेल, स्क्रीनवर कळत नाही.

चेन ब्लॉकची साखळी आणि हूक मात्र उद्या सकाळीच तपासा. त्याला शनिवारपर्यंत थांबू नका.

लेथ चालवायला माणूस नसेल तर मी येतो. डोळे थोडे मंदावलेत, भिंगाचा चष्मा लागतो, पण बोअर अजून हाताला कळतो. चेंज गिअरचा डबा माझ्याकडं आहे, १२७ दातांचं त्यातच आहे, मिस्त्रींच्या घरच्यांनी दिलेलं. पुढच्या शनिवारी सहानंतर मी तिसऱ्या गेटजवळच्या टपरीवर बसलेला असेन. सोबत जोडीदार असेल, आणि त्याच्या ओळखीची आणखी तिघं, गुडघे पिशवीत घेऊन.

आपला,
एक निवृत्त टर्नर
बेळगाव